पाऊण वार आणि वर अंगठा

नंदुरबारच्या कापडबाजारात सुमेरमलशेठना लोक ‘कसालेशेठ’ म्हणत, आणि तेही तोंडावर. ‘कसाले’ म्हणजे कशाला. हा शब्द शेठच्या तोंडात सुपारीसारखा सदा घोळत असे. बाईने लाल लुगडं मागितलं की शेठ विचारणार, लालच कसाले? गिऱ्हाईक छत्री झटकत आत आलं की, छत्री काळीच कसाले ऱ्हास? तापीला पूर आला की लोक प्रकाशा गावी जाऊन पूर बघून येत, आणि शेठ त्या परतलेल्यांना गाठून विचारत की पाणी एवढं गढूळ झाल्यावर माशांना वाट कशी दिसते. त्यांच्या पत्नी रूपकंवर म्हणत, यांनी दुकान थाटलंय ते कापड विकायला नव्हे, येणाऱ्याजाणाऱ्याला अडकवून ठेवायला.

पण धंदा चोख होता. शेठचे वडील मारवाडातून इकडे आले तेव्हा त्यांनी पहिली वस्तू घेतली ती कापड मापायचा लोखंडी गज. तोच गज शेठच्या हातात आला होता. घासून घासून तो आरशासारखा झाला होता, आणि शेठ तो रोज सकाळी गादीवर बसण्याआधी उपरण्याने पुसत. “मन्हा गज म्हणजे गज,” असं ते दिवसातून एकदा तरी म्हणायचेच. गावालाही ते मान्य होतं. सुमेरमलशेठकडचं कापड शिवायला घेतलं की पुरून उरतं, असं बायका एकमेकींना सांगत. शेठना हे कळलं की ते मिशीत हसत आणि म्हणत, माप चोख असल्यावर उरणारच.

हा माणूस उभ्या जन्मात सायकलवर बसला नव्हता. अंगाने ऐसपैस, त्यात काच्याचं धोतर, त्यात पगडी. तरीही नंदुरबारात सायकलच्या शर्यतीचा विषय निघाला की जुने लोक पहिलं नाव सुमेरमलशेठचं घेत. त्याला कारण तो गज.

साल छत्तीस-सदतीसचं असावं. आमचा भाग तेव्हा पश्चिम खानदेशात मोडे. गावातल्या हौशी मंडळींनी पौषात नंदुरबार ते रनाळे आणि परत अशी सायकलशर्यत सुरू केली होती. सगळ्यांना एकदम सोडायचं नाही. एकेकाला सोडायचं, घड्याळ लावायचं, आणि ज्याला सगळ्यांत कमी वेळ लागेल तो जिंकला. दिसायला सोपं प्रकरण. पण पहिल्याच वर्षी एकाने हँडलसमोर रॉकेलच्या डब्याचा पत्रा ठोकून वारा अडवला. दुसरा चक्क सीटवर पोट टेकून पालथा झोपला आणि रनाळ्याच्या अलीकडे काटेरी बाभळीत शिरला. तिसऱ्याने हँडल इतकं पुढे काढलं होतं की त्याची सायकल गल्लीत वळत नव्हती. मग कोण खरा जिंकला यावर जी भांडणं झाली ती होळीपर्यंत पुरली.

म्हणून दुसऱ्या वर्षी मंडळाचे चिटणीस, जे वकील होते, त्यांनी मुंबईच्या कुठल्याशा मंडळाकडून नियम मागवले. पत्रा नको, पडदा नको, पोटावर निजायचं नाही. आणि मुख्य नियम हँडलचा. पायडल ज्या आसाभोवती फिरतं त्या आसासमोर ओळंबा सोडायचा, आणि त्या दोऱ्यापासून हँडलचं पुढचं टोक पाऊण वाराच्या आत असलं पाहिजे. त्यापेक्षा लांब असेल तर स्वार बाद.

आता हे मापणार कोण? मंडळातल्या प्रत्येकाचा कुणी ना कुणी भाचा, साडू शर्यतीत होता. तेव्हा कुणीतरी सुमेरमलशेठचं नाव काढलं आणि सगळ्यांनी एकमुखाने मान डोलावली. त्यांचा ना कुणी भाचा सायकलवर, ना पुतण्या.

शेठ खूश झाले, पण गप्प कसे बसतील?

“पण वकीलसाहेब, पाऊण वारच कसाले? हँडल वारभर पुढे गयं ते काय बिघडस?”

“नियम आहे, शेठ. मुंबईच्या मंडळाचा आहे.”

“त्यास्नी तरी कसाले करेल शे?”

वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले की पुढल्या पत्रात विचारतो. शेठनी त्या क्षणी ओळखलं की या गृहस्थाला ठाऊक नाही, आणि त्यांना रात्रंदिवस तोच किडा वळवळायला लागला. हँडल पुढे गेल्याने माणूस जोरात का जावा? पाय तर तेच, चाकं तीच.

आठवडाभर शेठ दिसेल त्या सायकलवाल्याला थांबवत. टपालवाला वैतागला. कंपाउंडरने रस्ता बदलला. शेवटी उत्तर मिळालं ते शब्बीर पिंजाऱ्याकडून.

शब्बीर पंचविशीचा, सडपातळ, बोलायला कमी. घरी उर्दू, बाहेर आपली अहिराणी. गावोगाव फिरून गाद्या-गोधड्यांचा कापूस पिंजायचा हा त्याचा वडिलोपार्जित धंदा. त्याचा बाप कापूस पिंजायची ती पुरुषभर लांब कमान खांद्यावर टाकून तापी ओलांडून पार म्हसावदपर्यंत पायी जायचा, आणि अखेरीस पायांनीच दगा दिला म्हणून घरी बसला होता. शब्बीरने जुनी सायकल मिळवली. कमान मागच्या कॅरियरपासून पाठीवरून पुढे हँडलपर्यंत आडवी बांधायची, आणि तिचं पुढचं टोक बसावं म्हणून लोहाराकडून हँडलला पुढे एक लोखंडी तुकडा जोडून घेतलेला. कमानीची तांत, म्हणजे ताणलेली आतड्याची दोरी, बरोब्बर मानेवर येई. ताठ बसला की ती मानेला कापायची. म्हणून शब्बीर कोपरं हँडलवर टेकून, पाठ सपाट करून, तांतेखाली वाकूनच सायकल हाणायचा. पुढे कमान नसतानाही त्याला तसंच बसायची सवय लागली.

“शेठ, ताठ बठं की वारा छातीवर बठस,” तो म्हणाला. “वाकं की तो पाठवरथीन निंघी जास. हँडल पुढे ऱ्हायनं ते चांगलं वाकता येस.”

शेठची नजर दुकानाच्या दाराशी गेली. तिथे नमुन्याचं लुगडं उघडं टांगलेलं होतं आणि वाऱ्याने फुगून दांडी ओढत होतं. शेजारी कापडाचं गुंडाळलेलं ठाण उभं होतं, ते जागचं हलत नव्हतं.

“हां!” शेठ एवढ्या जोरात म्हणाले की समोरचा सोनार बाहेर आला. “म्हणजे तू ठाण, नि बाकीना लोके लुगडं! मंग सगळाच वाकतीन ना!”

“वाकाले पाठ पाहिजे, शेठ,” शब्बीर म्हणाला. “तांतखाले रोज वाकेल पाठ.”

शेठना हा माणूस आवडला. आणि त्याला ही शर्यत का जिंकायची आहे तेही त्यांना त्या दिवशी कळलं. गावातल्या एका जिनवाल्याने, म्हणजे कापसाची सरकी काढणाऱ्या कारखानदाराने, पहिल्या येणाऱ्याला नवी कोरी सायकल बक्षीस लावली होती. शब्बीरच्या सायकलची दांडी सांध्यात तडकली होती. दोनदा पितळ ओतून जोडली होती आणि लोहाराने आता हात टेकले होते. ही मोडली की शब्बीरच्या खांद्यावर कमान यायची आणि पायाखाली बापाचाच रस्ता. तो हे तक्रारीने बोलला नाही. उद्या बाजार आहे असं सांगावं तसं त्याने सांगितलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सगळे स्वार सायकली घेऊन दुकानासमोर आले. शेठ गज घेऊन पायरीवर बसले. कुणी ओळंबा धरायचा, शेठ गज लावायचे आणि बसल्या जागेवरून हुकूम सोडायचे, अजून मागे हवं की ‘आखो मांगे ले, आखो’, आणि मग ‘बस!’ स्वार काही कच्चे नव्हते. शेठ ‘बस’ म्हणाले की हँडल त्याच जागी आवळून टाकायचे, कुणी केसभरही जास्त मागे घेतलं नाही. शब्बीरनेही लोखंडी तुकडा मागे घेऊन अगदी काठावर आवळला. बाजूच्या गावातल्या गढीवरचा करणसिंग, ज्याच्याकडे हँडल सरकवता येणारी विलायती सायकल होती, त्यानेही तेच केलं.

दुसऱ्या दिवशी जिनसमोरच्या मैदानावरून शर्यत सुटली आणि शब्बीर पहिला आला. करणसिंग दुसरा. पिंजारगल्लीतली मंडळी नाचायला लागली. शब्बीर स्वतः नाचला नाही. जिनच्या भिंतीशी ठेवलेल्या नव्या सायकलपाशी जाऊन त्याने तिचा कॅरियर दोन्ही हातांनी दाबून पाहिला. कमान बसेल का, हे तो बघत होता.

तेवढ्यात करणसिंग म्हणाला, “यानं हँडल दखा. डोयाले दिसी ऱ्हायनं का लांब शे.”

“शेठनी मापेल शे,” शब्बीर म्हणाला. “मी हालाडेल नई.”

वकीलसाहेबांनी खिशातून घडीची लाकडी पट्टी काढून उलगडली, ओळंबा धरायला लावला आणि मापलं. हँडल पाऊण वाराच्या पुढे होतं. फार नाही, अंगठ्याच्या रुंदीएवढं. पण होतं.

सगळ्यांच्या माना सुमेरमलशेठकडे वळल्या. शेठ गज घेऊन पुढे झाले, वाकले, मापलं आणि ताठ उभे राहिले.

“पाऊण वार! काठोकाठ!”

वकीलसाहेबांनी पुन्हा मापलं. जास्त. शेठनी पुन्हा मापलं. बरोबर. मग कुणीतरी शहाण्याने गज आणि पट्टी शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिली, तर दोन्ही तंतोतंत एक! आता मात्र लोक चक्रावले. लोखंड खरं, लाकूड खरं, सायकल जागची हललेली नाही, मग हे येतं कुठून? गर्दीतून एक जण बोललाच, “शेठना घरन्या गोधड्या फुकट पिंजायन्यात वाटस!”

लोक हसले. शेठना ते बोलणं सुरीसारखं लागलं. चाळीस वर्षं हातात गज धरणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं, आणि तेही भर मैदानात. वकीलसाहेबांनी निर्णय उद्या सकाळवर टाकला. तोवर शेठना खुलासा करता आला नाही तर शब्बीर बाद आणि सायकल करणसिंगची. शब्बीर जाताना शेठपाशी थांबला आणि एवढंच म्हणाला, “तुम्हना गजवर भरोसा करेल व्हता मी.” त्यानंतर तो त्यांच्याशी बोलला नाही.

शेठ घरी आले ते गज घेऊनच. दुपारभर त्यांनी घरातली एक वस्तू सोडली नाही. उंबरा मापला, पाट मापला, बाज मापली, वकीलसाहेबांकडून मागून आणलेल्या पट्टीने तेच परत मापलं, आणि प्रत्येक वेळी पट्टीचं माप जास्त भरलं. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा घरचा नेम, रूपकंवर ताट वाढून बसल्या, पण शेठचं चित्त ताटात नव्हतं. लाज तर वाटत होतीच, पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा कुतूहल मोठं होतं. हे असं होतंच कसं?

“एक बार फेर नापो,” रूपकंवर म्हणाल्या, आणि त्या मारवाडीत बोलायला लागल्या म्हणजे त्यांचं काहीतरी ठरलेलं असे. शेठनी पाटाच्या एका कडेला गज टेकवला आणि दुसऱ्या हाताने टोकापाशी दाबला.

“अजी, थांरो अंगूठो तो देखो!”

शेठनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. गजावर जिथे खूण होती तिथे त्यांचा अंगठा आडवा टेकला होता, आणि त्यांची नजर खुणेवर नव्हतीच, ती अंगठ्याच्या पलीकडच्या कडेवर होती. अंगठ्यापलीकडे जे सुरू होतं ते ‘जास्त’. अंगठ्याखाली जे होतं ते त्यांच्या हिशेबी नव्हतंच.

रूपकंवरना यात नवल नव्हतं. त्या नवरी होऊन आल्या तेव्हापासून बघत होत्या. यांनी मापलेल्या कापडाची चोळी बेतली की दर वारामागे अंगठाभर चिंधी उरायची. त्यांना वाटे, गिऱ्हाइकाला जास्त द्यायचं म्हणून हे जाणूनबुजून करतात.

शेठ मटकन खाली बसले. त्यांना वडिलांचा हात आठवला. लहानपणी पहिल्यांदा गज धरला तेव्हा वडिलांनी मागून त्यांच्या हातावर हात ठेवला होता आणि सांगितलं होतं, अंगठा टेकव आणि कात्री अंगठ्यापलीकडे लाव, घेणाऱ्याला कमी पडता कामा नये. ते सांगणं पुढे डोक्यातून पार गेलं आणि हातात तेवढं राहिलं. जगातल्या सगळ्या गोष्टींना ‘कसाले’ विचारणाऱ्या माणसाने आपल्याच अंगठ्याला एकदाही विचारलं नव्हतं! त्यांना रडू येतंय की हसू, हे त्यांनाच कळेना. शेवटी दोन्ही आलं, आणि मग ते जेवले.

सकाळी मैदानात शेठनी सगळ्यांसमोर अंगठा वर केला. काय झालं ते सांगितलं, करून दाखवलं, आणि म्हणाले की चूक पोराची नाही, माझ्या हाताची आहे. लोक असे हसले की विचारू नका. तेवढ्यात वकीलसाहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. मग करणसिंगचं हँडल? पट्टी लावली. तेही अंगठाभर पुढे! एकेक करत सगळ्यांची मापली. सगळेच बाद. नियमात बसला तो एकटा कंपाउंडर, ज्याचं हँडल गंजून बसल्यामुळे मुळात हललंच नव्हतं आणि जो वाटेत एका मळ्यात हुरडा खाऊन सगळ्यांत शेवटी आला होता. वकीलसाहेब नियमाला धरून खरोखरच त्याचं नाव पुकारणार होते, पण कंपाउंडरने हात जोडले.

मार्ग काढला तो करणसिंगने. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण माणूस दिलदार. “शेठना आंगठा बांधा,” तो म्हणाला, “परत मापा, नि परत पळाडा. मी अशी सायकल लेवाव नई.”

रूपकंवरनी मांजरपाटाची पट्टी धाडली. शेठचा उजवा अंगठा तळहाताशी गच्च बांधला गेला, आणि अशा हाताने शेठनी नुसत्या नजरेने खूण बघत सगळ्यांची हँडलं पुन्हा मापली. शब्बीरची पाळी आली तेव्हा त्यांनी खूण तीनदा पाहिली. या वेळी केसभर जरी चुकलं तर हा पोरगा आपलं तोंड बघणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शब्बीरने लोखंडी तुकडा अंगठाभर मागे ठोकून घेतला. ठोकताना जुनी दांडी कुरकुरली. तो शेठकडे न बघता सायकलवर बसला.

त्या दिवशी वारा रनाळ्याकडून येत नव्हता, रनाळ्याकडे वाहत होता. जाताना सगळे भन्नाट गेले आणि येताना वाऱ्याने त्यांचा जीव काढला. करणसिंग आधी दिसला. दणकट गडी, पण ताठ बसलेला, सदरा पुढून छातीला चिकटलेला आणि मागे फुगा झालेला, अगदी दुकानाच्या दारातलं लुगडं. घड्याळाचं काम गावच्या स्टेशनमास्तरांकडे होतं, त्यांनी त्याची वेळ पुकारली. चांगली होती.

मग रस्ता बराच वेळ रिकामा राहिला. शेठनी जैनांचा नवकार मंत्र म्हणायला घेतला. दांडी मोडली असेल, असं त्यांना वाटून गेलं. आणि मग धुळीत एक सायकल दिसली, तिच्यावर माणूसच नव्हता. जवळ आली तेव्हा कळलं की माणूस आहे, पण हँडलच्या वर नुसती टोपी दिसतेय. तांत नव्हती, कमान नव्हती, तरी शब्बीर त्यांच्याखाली वाकलेलाच होता.

घड्याळ पाहिलं गेलं. फरक आदल्या दिवसापेक्षा कमी होता, पण शब्बीरच पहिला. जुनी सायकल त्याने भिंतीला टेकवली आणि तिचा सांधा उघडा पडला. तिने तेवढं काम केलं आणि रजा घेतली.

शेठ मात्र अजून तिथेच घुटमळत होते. आनंद झाला होता, छातीवरचा दगड उतरला होता, पण आत तो किडा होताच. ते हळूच नव्या सायकलपाशी गेले.

“शब्बीर,” ते म्हणाले, “वारा पाठवरथीन खरंच निंघी जास का रे?”

शब्बीरने कालपासून पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. घामेजलेला चेहरा, वाकडी पगडी, बांधलेला अंगठा. त्याला हसू फुटलं.

“बठी दखा, शेठ.”

गावाने पुढची दहा वर्षं सांगितली ती ही गोष्ट. एका बाजूने शब्बीर, दुसऱ्या बाजूने करणसिंग, आणि मध्ये सुमेरमलशेठ, धोतराचा काचा मारून सायकलवर. पण हँडल धरवेना. डावा हात धरी, उजवा सटके.

शब्बीरने शेठचा तो हात हातात घेतला आणि पट्टीची गाठ सोडायला लागला. “आंगठाबिगर हँडल धराव नई, शेठ,” तो म्हणाला. “नि हायी पट्टी दुकानमा बांधशात ते मन्ही माय तुम्हनाकडे पाय ठेवाव नई.”

शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी अंगठा दोनदा उघडमीट करून पाहिला आणि हँडल घट्ट धरलं. दोघे सायकल ढकलत वाऱ्याच्या तोंडावर पळायला लागले. आधी शेठ ताठ बसले. वारा छातीवर आदळला, उपरणं उडालं. मग पोट आडवं येत होतं तरी ते वाकले, जेमतेम, जितकं जमेल तितकं.

“जास!” शेठ ओरडले. “वरथीन जास!”

ते पुन्हा ताठ झाले, पुन्हा वाकले. मैदान संपलं, सायकल वळवली, परत तेच. करणसिंगला दम लागला. शब्बीर तर आधीच रनाळ्याहून आलेला.

“शेठ, आते उतरा,” तो धापा टाकत म्हणाला.

“थांब रे,” शेठ म्हणाले, “आखो एकदाव.”